बारा ऑक्टोबरचा शिक्का

शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आर्डिथ क्रॅब्ट्रीच्या टेबलावर एक फाइल येऊन पडली, आणि दुपारी दोन वाजेपर्यंत त्या फाइलीनं तिचा जीव अर्धा करून टाकला.

फाइल दत्तकाची होती. जोसी नावाची अडीच वर्षांची पोर, तिच्या आईचा नवा नवरा तिला रीतसर आपली करून घेत होता. जज टिलींनी हुकमावर सही करून फाइल खाली पाठवली होती. आता उरलं होतं ते कोर्ट क्लार्कच्या कचेरीचं काम, म्हणजे डेप्युटी आर्डिथचं काम. हुकमावर शिक्का मारायचा, नोंदवहीत नोंद करायची, पोरीच्या नव्या जन्मदाखल्याचा फॉर्म भरून चारच्या टपालानं राजधानीला धाडायचा, आणि मग फाइल सील करायची. दत्तकाची फाइल एकदा सील झाली की तळघरातल्या लोखंडी कपाटात जाते, आणि जजच्या हुकमाशिवाय तिला कुणी बोट लावत नाही. कॉर्बिन काउंटीत सव्वीस वर्षांत आर्डिथनं अशा दोनशेच्या वर फाइली बंद केल्या होत्या. हात आपोआप चालत.

सील करण्यापूर्वी पानं मोजायची, हा तिचा नेम. मोजता मोजता ती अकराव्या पानावर आली आणि तिचा अंगठा तिथंच थांबला.

वहीतून फाडलेला रेघांचा कागद होता तो. वेन्डल प्रूइट, म्हणजे पोरीच्या सख्ख्या बापानं, स्वतःच्या हातानं लिहिलेला. बॉलपेन इतका दाबून चालवलेला की अक्षरं मागच्या बाजूला उठली होती. ‘मी जोसीचा बाप आहे. तिला देऊन टाकायला मी तयार नाही. मला जजसाहेबांशी बोलायचं आहे.’ खाली सही. वर उजव्या कोपऱ्यात जांभळा शिक्का, दाखल, १३ ऑक्टोबर १९९४. आणि शिक्क्याच्या शेजारी नखाएवढा एक तेलकट, गुलाबी डाग.

डागाकडे ती बघतच राहिली.

नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत बापानं हरकत घेतली नाही, तर त्याची संमती आहे असं कायदा धरतो. तिसावा दिवस होता बारा ऑक्टोबर. प्रूइटचा कागद तेराचा, एक दिवस उशिरा. म्हणून त्याची हरकत नुसत्या तारखेवर फेटाळली गेली होती, आणि म्हणून आज ही पोर दुसऱ्याची झाली होती. सगळं त्या एका आकड्यावर.

पण हा डाग क्रीमचा होता. कचेरीतल्याच डॉटीच्या वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबी क्रीमचा. तो डाग आर्डिथनंच पाडला होता, तिनंच पुसला होता, आणि “माफ करा हं, आज इथं कोर्ट कमी नि बेकरी जास्त आहे,” असं म्हणून तिनंच प्रूइटला केकचा एक तुकडा कागदी रुमालात बांधून दिला होता. त्यानं तो खाल्ला नव्हता. “जोसीला आवडतं गुलाबी,” म्हणाला होता आणि जपून खिशात ठेवला होता. त्या अवजड कोटाच्या खिशात त्या केकचं काय झालं असेल देव जाणे.

आणि डॉटीचा वाढदिवस बारा ऑक्टोबरला असतो. तेराला नाही. आठ दिवस आधीपासून ती सगळ्या कचेरीला आठवण देत हिंडते, विसरायची सोयच नाही.

आर्डिथनं शिक्क्याकडे पाहिलं.

तो शिक्का तिच्या उजव्या हाताशी होता, रोजच्या जागी. लाकडी मुठीचा, जुना. तारखेचं छोटं चाक बाजूला. रोज सकाळी चाक एक घर पुढं सरकवायचं, टिक, आणि दिवस सुरू. हे काम तिचंच. सव्वीस वर्षांत ती आकडा बघायचीसुद्धा बंद झाली होती. एका हातानं कोट खुंटीला, दुसऱ्या हातानं टिक. आपण रोज दाराची कडी लावतो, ती काय बघून लावतो?

बारा तारखेला तिला उशीर झाला होता. लॉइडची, तिच्या नवऱ्याची, साखर पहाटे एकदम उतरली होती, त्याला संत्र्याचा रस पाजून शुद्धीवर आणण्यात अर्धा तास गेला. ती धापा टाकत आली तेव्हा व्हर्ना काउंटरवर उभी होती. व्हर्ना स्टबलफील्ड, काउंटीची निवडून आलेली क्लार्क, आर्डिथची साहेब. “तुझं सगळं लावून ठेवलंय गं,” ती म्हणाली होती, “दिवे, कॉफी, सगळं.” आर्डिथनं आभार मानले. एका हातानं कोट खुंटीला. दुसऱ्या हातानं...

“अरे देवा,” ती पुटपुटली.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, एक वकील आपला कागद हातात धरून हसत परत आला होता. “काय हो बायांनो, तुमच्याकडे आज शुक्रवार आहे वाटतं? मग मी चाललो मासे धरायला!” शिक्क्यावर चौदा होतं. केवढ्या हसल्या होत्या सगळ्या! आर्डिथला वाटलं, आज सकाळी अंगठा दोनदा पडला. तिनं चाक मागं घेतलं, त्या सकाळचे चार कागद पेननं दुरुस्त केले, शेजारी सही केली, झालं. आदल्या दिवशीच्या कागदांचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नाही. व्हर्नानं चाक फिरवलं होतं आणि तिनंही फिरवलं होतं. बुधवारचा अख्खा दिवस ही कचेरी एक दिवस पुढं जगत होती.

म्हणजे... तसं असेल तर.

आर्डिथनं स्वतःला बजावलं, थांब, एवढी घाई नको. मन काय, वैऱ्यालाही सुचणार नाही असलं काहीबाही दाखवतं. केक दुसऱ्या दिवशी उरला असेल. तेराला प्रूइट आला असेल आणि उरलेल्या केकचं क्रीम लागलं असेल. असंच असणार. असंच असू दे.

“डॉटी,” तिनं शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, “तुझ्या वाढदिवसाचा केक दुसऱ्या दिवशी उरला होता का गं?”

डॉटी पलीकडच्या टेबलावर मतपत्रिकांची पाकिटं मोजत होती. मंगळवारी निवडणूक होती, आणि निवडणुकीचं कामही याच कचेरीच्या बोकांडी. “उरतोय कुठला!” ती मान वर न करता फणकारली. “जजसाहेबांनी उचलून नेला नाही का, त्या शिपायाच्या लग्नाला? बिचारा दुसऱ्या दिवशी पलटणीत परत जायचा होता, लग्नाला ना पाहुणा ना मेजवानी. माझ्या केकवर नवरानवरीनं सुरी चालवली. वर माझं नाव लिहिलेलं! मला मेलीला माझ्याच केकचा एवढुसा तुकडा. बावन्न, त्रेपन्न... घे, विसरले! आता पुन्हा पहिल्यापासून. बोलू नकोस माझ्याशी.”

आर्डिथ उठली. भिंतीशी विवाहनोंदीची पुस्तकं होती, जाडजूड, हिरव्या कापडाची. याच कचेरीत परवाना मिळतो, याच कचेरीत त्याची नोंद. तिनं ऑक्टोबरचं पान उघडलं. शिपाई आणि त्याची नवरी. परवाना दिल्याचा शिक्का, १३ ऑक्टोबर. त्याच पानावर खाली, जज टिलींच्या तिरक्या अक्षरात, ‘विवाह माझ्यासमोर लागला, १२ ऑक्टोबर, दुपारी चार.’

परवान्याच्या आदल्या दिवशी लग्न. आणि लावलं कुणी, तर खुद्द जजनं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! तीन आठवडे हे पान इथं उघड्यावर पडलं होतं, जाता-येता सगळ्यांच्या कोपराखाली.

आता ‘असेल’ला जागा नव्हती. प्रूइट वेळेत आला होता. शेवटच्या दिवशी, पण वेळेत.

आणि मग तिला दुसरी गोष्ट आठवली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट होती.

एकवीस ऑक्टोबरला प्रूइटची हरकत वेळेत आली की नाही याची सुनावणी झाली, तेव्हा ती कोर्टातच होती, जजच्या खाली बसून टिपण घेत होती. त्याच्याकडे वकील नव्हता. तो शपथ घेऊन उभा राहिला. “साहेब, मी बारा तारखेलाच कागद दिला. धान्याच्या कोठारावरून दुपारची सुट्टी काढून आलो होतो.” आईचा वकील मिस्टर ग्रीर उठला आणि त्यानं नुसतं शिक्क्यावर बोट ठेवलं. जजसाहेब काही कठोर बोलले नाहीत. “मिस्टर प्रूइट, माणसाची आठवण चुकते. कोर्ट शिक्क्यावर चालतं.” प्रूइटनं टोपी हातात चुरगळली, आणि एकदाच, फक्त एकदा, आर्डिथकडे पाहिलं. ही बाई सांगेल, असं त्याला वाटलं असणार. हिनंच तर कागद घेतला होता.

आणि आर्डिथनं मान खाली घालून टाइप केलं होतं. मनात म्हणाली होती, सगळे असंच म्हणतात. उशिरा येतात आणि वर शपथेवर खोटं बोलतात. चेहऱ्यावर कसं साळसूद!

साळसूद. तिला आता घाम फुटला होता. नोव्हेंबरात, कचेरीचा हीटर बिघडलेला असताना.

बारा तारखेला कागद देताना काउंटरवर त्यानं विचारलं होतं, “एवढं पुरेल का हो बाई? आणखी काही लिहू?” आणि तिनं डोक्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं होतं, ‘येथे कायद्याचा सल्ला दिला जात नाही.’ नियमच आहे तसा. क्लार्कनं कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, ठेवायचा. चांगला की वाईट, पुरे की अपुरा, बोलायचं नाही. बोलली तर नोकरी जाईल. “बरं,” तो म्हणाला होता, “पण ही आजचीच तारीख पडली ना? माझा चष्मा गाडीत राहिला.”

“हो, हो,” आर्डिथ म्हणाली होती. न बघता. “प्रत हवी का?”

“नको. तुमच्याकडे आहे ना, मग झालं.”

घड्याळात अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दोन वाजता जज टिली निघणार होते, सोमवारी त्यांची बायपास होती. महिनाभर बदली जज येणार, आणि त्याला ना केक माहीत ना लग्न. चार वाजता टपाल. उद्या सकाळी जोसीची आई, तिचा नवरा आणि पोर ॲरिझोनाला निघणार होते, कायमचे, नवा पत्ता फाइलीतच होता. आर्डिथनं कागद आणि विवाहनोंदीचं पुस्तक छातीशी धरलं आणि व्हर्नाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

व्हर्नानं सगळं ऐकून घेतलं. तिच्यामागं भिंतीला तिचंच प्रचाराचं पोस्टर टेकवून ठेवलं होतं, ‘व्हर्ना स्टबलफील्ड. वीस वर्षं. एक चूक दाखवा.’

“आणखी कुणाला बोललीस?” हा तिचा पहिला प्रश्न.

“कुणालाच नाही.”

“नको बोलूस. मंगळवारपर्यंत तरी नको.” व्हर्नानं खुर्ची पुढं ओढली. “अगं, तू शांतपणे विचार कर. तुला उशीर झाला म्हणून मी तुझं चाक फिरवलं. करायला गेले काय आणि उलटे झाले पाय! आता ते माझ्याच गळ्यात घालणार तू? माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या केनी बकच्या हातात कोलीत दिल्यासारखं होईल. रविवारच्या पेपरात पहिल्या पानावर येईल.”

“पोर उद्या चाललीय, व्हर्ना.”

“पोर आईबरोबर चाललीय, काही लांडग्यांबरोबर नाही. चार दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे? निवडणूक होऊ दे, मग मी स्वतः बदली जजशी बोलते.”

“फाइल सील झालेली असेल. दाखला गेलेला असेल. त्यावर दुसऱ्याचं नाव बाप म्हणून आलेलं असेल.”

“कोर्ट काही सुधारू शकत नाही असं नाही.”

“सुधारतं, कुणी सांगितलं तर. सील झाल्यावर तो शिक्का बघणार कोण? आणि प्रूइटकडे प्रतसुद्धा नाही. आपल्यावर विश्वास ठेवला त्यानं.”

व्हर्ना काही वेळ पेनाचं टोपण उघडत आणि लावत बसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “लॉइडची तब्येत कशी आहे?”

दिवसातून चार वेळा सुई टोचून घेणारा माणूस, आणि त्याचा विमा तिच्या नोकरीवर. डेप्युटीची नोकरी क्लार्कच्या मर्जीवर असते, एका सकाळी ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटलं की संपलं. व्हर्ना वाईट बाई नव्हती. लॉइड इस्पितळात होता तेव्हा तीन आठवडे रोज हिनंच डबा पाठवला होता. म्हणूनच तो प्रश्न जास्त लागला.

“सील लाव,” व्हर्ना म्हणाली. “तुला जमत नसेल तर इथं आणून दे, मी लावते. मी क्लार्क आहे.”

आर्डिथ टेबलापाशी येऊन बसली. आणि खोटं कशाला सांगायचं, तिनं सील लावायला घेतलंसुद्धा. मोठं तपकिरी पाकीट काढलं. फाइल आत सरकवली. चिकटपट्टी ओढली, दातांनी तोडली, एका कडेला चिकटवली. पट्टीवर आडवी सही करायची असते, म्हणजे कुणी उघडलं तर कळतं. तिनं पेन उचललं. बाराला वीस कमी होते ते आता साडेबारा झाले होते, मधला वेळ कुठं गेला कुणास ठाऊक. काउंटरवर कुणीतरी गाडीच्या दंडाची पावती मागत होतं, डॉटी त्याच्यावर खेकसत होती. जग आपलं चाललं होतं. कुणालाही काही कळणार नव्हतं. हेच तर भयंकर होतं! ओरडणारं कुणी नाही, पकडणारं कुणी नाही, तळघरातलं कपाट आणि चावी, बस्स.

तिनं सहीतला ‘आ’ काढला. पुढचं अक्षर काही केल्या येईना.

कोटाच्या खिशातला तो केक तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यानं तो घरी नेला असेल. पोर शनिवारीच येत असे त्याच्याकडे. म्हणजे बुधवारपासून तीन दिवस जपून ठेवला असेल त्यानं तो, वाळून कोळ झालेला. आणि शनिवारी त्यानं तिला सांगितलं असेल, कोर्टातल्या बाईंनी दिलाय तुला.

आर्डिथनं पट्टी उचकटली. पाकीट टराटरा फाटलं.

“काय गं?” डॉटी दचकली.

“काही नाही. आलेच.”

आणि नेमके त्याच वेळी जजसाहेब खोलीत नव्हते. जेवायला गेले होते. एक वाजला, सव्वा वाजला. आर्डिथ जिन्याच्या वरच्या पायरीवर, फाइल आणि ते हिरवं पुस्तक मांडीवर घेऊन, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी बसून राहिली. खालून व्हर्नाच्या टाचांचा आवाज आला की ती पुस्तक आणखी घट्ट धरी. एकदा तो आवाज जिन्यापर्यंत आला, थांबला, आणि परत गेला. दीड वाजला. जेवून ते परस्पर इस्पितळात गेले असतील का? एक वाजून चाळीस मिनिटं. लॉइडला काय सांगायचं? पावणेदोन.

एक वाजून पन्नास मिनिटांनी जज टिली अंगात ओव्हरकोट, हातात छोटी बॅग अशा थाटात मागच्या दारानं आले. “अरे, आर्डिथ! निरोप द्यायला बसलीस की काय? अजून मेलो नाही मी.”

“साहेब, पाच मिनिटं.”

“डॉक्टरांनी मला चिडायचं नाही असं सांगितलंय.”

“मग बसूनच ऐका,” आर्डिथ म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला परका वाटला.

तिनं टेबलावर दोन्ही ठेवलं, प्रूइटचा कागद आणि विवाहनोंदीचं पान. जे झालं ते सरळ सांगितलं. चाक, उशीर, क्रीम, गुरुवारचा विनोद. जजसाहेबांनी चष्मा चढवला. स्वतःचं तिरकं अक्षर वाचलं. मग त्या पानावरचा शिक्का. मग प्रूइटच्या कागदावरचा शिक्का. पुन्हा स्वतःचं अक्षर.

“तो केक,” ते हळूच म्हणाले. “त्यावर ‘डॉटी’ लिहिलं होतं. नवरी विचारत होती, ही डॉटी कोण.”

“हो साहेब.”

त्यांनी चष्मा काढला आणि छातीवर हात ठेवला. आर्डिथला त्यांच्या छातीचीच काळजी वाटू लागली.

“कोर्ट शिक्क्यावर चालतं,” जज टिली म्हणाले. “हे मी त्याला सुनावलं होतं ना? भर कोर्टात. बिचारा उभा होता आणि मी त्याला अक्कल शिकवत होतो.” त्यांनी कोट न काढताच खुर्ची ओढली. “चाक कुणी फिरवलं होतं?”

दारात व्हर्ना उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती आर्डिथकडे बघत होती.

“शिक्का माझ्या टेबलावरचा,” आर्डिथ म्हणाली. “जबाबदारी माझी. मी बघितलं नाही.”

व्हर्नानं तोंड उघडलं, आणि मिटलं. जज टिलींनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्यांनी पेन काढलं आणि हातानंच हुकूम लिहिला. आजचा दत्तकाचा हुकूम रद्द. प्रूइटची हरकत वेळेत दाखल झाली असं धरावं. सुनावणी सोळा डिसेंबर, सकाळी नऊ. तोवर पोरीनं राज्य सोडू नये. “ग्रीरला मी आत्ता फोन करतो, त्यानं आजच्या आज आईला कळवायचं. शपथपत्र तू लिही, सगळं, आत्ता सांगितलंस तसंच. त्या शिपायाच्या लग्नाचंही दुरुस्त करा, नाहीतर पोराची बायको बिनपरवान्याची ठरेल. आणि प्रूइटला...” ते थांबले. “त्याला तूच सांग.”

“हो साहेब.”

जिना उतरताना व्हर्ना तिच्या बाजूनं चालत होती. शेवटच्या पायरीवर ती एवढंच म्हणाली, “मंगळवारनंतर बोलू आपण.” ते कशाबद्दल, हे विचारायची आर्डिथला गरज नव्हती. लॉइडच्या सुया या महिन्यापुरत्या घरात होत्या, तेवढा हिशेब तिच्या मनानं पायऱ्या उतरता उतरताच केला होता.

तिनं नव्या हुकमावर शिक्का मारला. मारण्यापूर्वी चाक डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग रद्दी कागदावर एकदा मारून पाहिलं. मग धान्याच्या कोठारावर फोन लावला. मक्याचे दिवस होते, मागं यंत्रांचा घरघराट, कुणीतरी ओरडत होतं, “वेन्डल! ए वेन्डल! कोर्टातून फोन आहे तुला!” मग कुणाचंतरी हसणं, “आता काय केलंस रे बाबा?”

“हॅलो,” प्रूइट म्हणाला. आवाज असा, जणू त्याला आता चांगलं काही ऐकायची सवयच उरली नव्हती.

आर्डिथनं आपलं नाव सांगितलं. मग सांगितलं, सगळं, काही न लपवता. तुम्ही बारालाच आला होता. शिक्का चुकीचा होता. चूक माझी. मी बघितलं नाही. हुकूम रद्द झालाय, जोसी उद्या जात नाही, तुमचं म्हणणं ऐकलं जाईल. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पण ऐकलं जाईल.

पलीकडे नुसता यंत्राचा आवाज. तो शिव्या देईल तर बरं, असं तिला मनापासून वाटत होतं.

“बाई,” तो शेवटी म्हणाला, “मग मी खोटं नव्हतो बोललो?”

“नाही. तुम्ही खरंच बोललात.”

“कारण सगळे म्हणाले, शिक्का खोटा कसा असेल. माझी आईसुद्धा म्हणाली, तुझाच दिवस चुकला असेल. मग मलाही वाटायला लागलं की मी तेराला आलो होतो. मी शपथ घेतली होती हो, पुस्तकावर हात ठेवून. गेल्या रविवारी मी चर्चमध्ये सगळ्यांपुढं उभा राहिलो. म्हणालो, मी पोरीसाठी कोर्टात खोटं बोललो, माझ्यासाठी प्रार्थना करा. केली त्यांनी.”

आर्डिथनं काउंटरची कड घट्ट धरली. तिच्या डोक्यावर ती पाटी होती. सल्ला दिला जात नाही. माफी मागायला कुठली पाटी आड येत नव्हती. “मी येईन,” ती कशीबशी म्हणाली. “रविवारी. तुमच्या चर्चमध्ये. मी सांगेन त्यांना.”

यंत्रांच्या घरघराटावरून त्याचा आवाज आला.

“सुनावणी कधी म्हणालात?”

“सोळा डिसेंबर. सकाळी नऊ. शुक्रवार.”

“थांबा, लिहून घेतो. पेन... हं. सोळा. शुक्रवार.” त्यानं तारीख तिच्याकडून दोनदा वदवून घेतली. मग जरा चाचरत विचारलं, “राग मानू नका बाई, पण आज तारीख काय आहे? मला आता माझाच भरवसा वाटत नाही.”

आर्डिथनं तोंड उघडलं आणि थांबली. हातातला शिक्का उलटा करून पाहिला. भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. तेवढ्यानंही होईना, तेव्हा फोन छातीशी धरून मागं वळली.

“डॉटी, आज तारीख काय गं?”

“चार. का?”

“चार,” आर्डिथनं फोनमध्ये सांगितलं. “चार नोव्हेंबर. मी बघितलं.”